डिझेल गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह : बंद करावा की सांभाळावा?

डिझेल गाडीचा पिकअप पडला, घाट चढताना ती काळा धूर सोडू लागली किंवा डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागला, की अनेक गॅरेजमध्ये एकच तोडगा सुचवला जातो : ईजीआर, म्हणजे एक्झॉस्टमधील थोडा जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा, बंद करून टाका. काम थोडक्या वेळाचे असते, खर्च किरकोळ असतो आणि त्यानंतर गाडी खरोखरच मोकळी पळू लागते, त्यामुळे ग्राहकही समाधानाने परततो. हा फरक नेमका कशामुळे पडला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा तो ईजीआर काढल्यामुळे पडलेला नसतो, तर उघड्या अवस्थेत अडकून बसलेला व्हॉल्व्ह अखेर बंद झाल्यामुळे पडलेला असतो. तोच व्हॉल्व्ह साफ करून नीट मिटू लागला असता, तरी गाडी तशीच पळाली असती. म्हणून आधी निदान कसे करावे आणि साफसफाई कशी करावी, हे येथे सविस्तर दिले आहे. काढून टाकण्याचा विचार त्यानंतर.

उदाहरणासाठी १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन घेतले आहे. मूळ फियाटचे हे इंजिन मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरमध्ये डीडीआयएस या नावाने, तर टाटाच्या व्हिस्टा आणि मांझामध्ये क्वाड्राजेट या नावाने आले, आणि पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार होत असे. आपल्या रस्त्यांवर ते आजही मोठ्या संख्येने दिसते आणि बहुतेक मेकॅनिकांच्या हाताखालून गेलेले असते. इतर इंजिनांत भागांची जागा आणि आकडे बदलतील, पण तपासणीचा क्रम तोच राहील.

व्हॉल्व्ह काय करतो

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कशातही भाग घेत नाही. सिलिंडरमधील ज्वालेचे तापमान साधारण १,५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले आणि तेथे ऑक्सिजनही मुबलक असला, की त्याचे नायट्रोजन ऑक्साइड वेगाने तयार होऊ लागतात. हे वायू श्वासनलिकेला त्रास देतात आणि उन्हात ओझोन निर्माण करतात. डिझेल इंजिन नेहमीच गरजेपेक्षा जास्त हवेवर चालते, त्यामुळे ही अडचण त्याच्या स्वभावातच आहे. त्यावरचा उपाय म्हणून एक्झॉस्टमधील थोडा जळालेला वायू थंड करून पुन्हा इंजिनात सोडतात. त्यात ऑक्सिजन कमी असतो, शिवाय त्यातील कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उष्णता शोषून घेतात, म्हणून ज्वालेचे कमाल तापमान उतरते. हा वायू केव्हा आणि किती सोडायचा, हे इंजिनाचा संगणक, म्हणजेच ईसीयू ठरवतो आणि व्हॉल्व्ह ते अमलात आणतो.

याच ठिकाणी एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. निरोगी ईजीआर व्हॉल्व्ह मुख्यतः हलक्या आणि मध्यम भारावर उघडतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, की ईसीयू तो बंद करतो, कारण तेव्हा इंजिनाला मिळेल तेवढी ताजी हवा हवी असते. ज्या क्षणी तुम्ही ताकद मागता, त्या क्षणी ईजीआर बहुधा कामावर नसतोच. मग तो काढल्याने कमाल ताकद कशी वाढणार? वाढलीच, तर व्हॉल्व्ह मिटायला हवा तेव्हा मिटत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

तो तुंबतो कशामुळे

एक्झॉस्टमधील काजळी कोरडी असते. क्रँककेसच्या ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातील वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या वाटेत) येणारी ऑइलची वाफ तेलकट असते. दोन्ही जेथे भेटतात तेथे डांबरासारखा चिकट थर बसतो आणि उष्णतेने पुढे तो कडक होतो. मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांची, वाट निम्म्याने अरुंद झालेली दिसणे ही जुन्या गाड्यांत नवलाची गोष्ट नाही.

हा थर सर्व गाड्यांत सारख्या वेगाने साचत नाही, आणि आपल्याकडे त्याला खतपाणी घालणारी एक सवय आहे : गाडी गरम होऊ नये म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप, काढून टाकणे. थर्मोस्टॅट नसलेले किंवा उघडाच राहिलेला थर्मोस्टॅट असलेले इंजिन शहरात आपल्या नेहमीच्या तापमानापर्यंत नीट पोचतच नाही. अर्धवट तापलेल्या इंजिनात ज्वलन अपुरे होते, काजळी वाढते आणि थंड पृष्ठभागांवर वाफ गोठून ती घट्ट धरून ठेवते. असा मालक वर्षा-दोन वर्षांनी ईजीआरला शिव्या घालत येतो, आणि ज्याने थर्मोस्टॅट काढला तोच मेकॅनिक ईजीआरही बंद करून देतो. याखेरीज गळणारा इंजेक्टर, टर्बोच्या सीलमधून येणारे ऑइल, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे भरलेले ऑइल, तुंबलेला एअर फिल्टर आणि रोजचा तीन-चार किलोमीटरचा तुटक प्रवास हीही नेहमीची कारणे आहेत. यांपैकी कारण शोधले नाही, तर साफ केलेला व्हॉल्व्ह पुन्हा त्याच मार्गाने जाईल.

पहिली पायरी : पाना हातात घेण्याआधी स्कॅनर

बॅटरी काढून दिवा घालवण्याचा प्रकार सर्वप्रथम टाळावा, कारण त्याने नोंदवलेला कोड आणि तो आला त्या वेळची परिस्थिती, दोन्ही पुसली जाऊ शकतात. स्कॅनर लावून कोड लिहून घ्यावा. पी०४०१ म्हणजे वायूचा प्रवाह अपुरा आहे, पी०४०२ म्हणजे तो प्रमाणाबाहेर आहे, पी०४०३ म्हणजे व्हॉल्व्हच्या विद्युत मंडलात दोष आहे आणि पी०४०४ म्हणजे व्हॉल्व्ह सांगितलेल्या स्थितीत जात नाही. पी०४०५ आणि पी०४०६ हे स्थिती सांगणाऱ्या सेन्सरचा संकेत अनुक्रमे फार कमी आणि फार जास्त असल्याचे दर्शवतात. पी०४०३ आला असेल तर काजळी खरवडून काहीच साधणार नाही. तेथे कनेक्टर, वायर आणि मोटर तपासावी लागते. जुन्या गाड्यांत व्हॉल्व्ह व्हॅक्युमवर चालत असेल, तर रबरी नळीला गेलेली बारीक चीर हीसुद्धा संपूर्ण तक्रारीचे मूळ असू शकते, आणि ती नळी अत्यंत स्वस्त असते.

त्यानंतर इंजिन पूर्ण गरम करून चालू स्थितीतील आकडे पाहावेत. ज्या व्हॉल्व्हला स्थितीचा सेन्सर आहे, तेथे ईसीयूने मागितलेली उघडीक आणि प्रत्यक्ष उघडीक यांची तुलना करावी. मागणी शून्य असताना व्हॉल्व्ह पंधरा टक्के उघडा दिसत असेल, तर तो मिटत नाही. दुसरा आकडा हवेच्या वजनाचा. तो आत येणारी हवा मोजणाऱ्या मॅफ सेन्सरकडून येतो आणि अनेक स्कॅनर तो दर स्ट्रोकला मिलिग्रॅममध्ये दाखवतात. मल्टिजेटची क्षमता १,२४८ घन सेंटिमीटर आहे, म्हणजे दर सिलिंडरला ३१२. मुंबईत ३० अंश तापमानाला एक लिटर हवेचे वजन साधारण १.१६ ग्रॅम असते, त्यामुळे सिलिंडर काठोकाठ भरला तर ३६० मिलिग्रॅमच्या आसपास हवा मावेल. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे हाच आकडा ३४० च्या जवळ येतो. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) ईजीआर बंद असताना याहून थोडा कमी आकडा दिसतो, आणि ईजीआर उघडताच तो स्पष्टपणे खाली यायला हवा, कारण ताज्या हवेची काही जागा आता जळालेल्या वायूने घेतलेली असते. व्हॉल्व्ह उघडण्याचा आदेश देऊनही आकडा हलला नाही, तर वाट तुंबली आहे. बंदचा आदेश असतानाही तो खालीच राहिला, तर व्हॉल्व्ह गळतो आहे किंवा मॅफ सेन्सर अथवा एअर फिल्टर खराब आहे.

या दोन शक्यतांत निवड करण्याचा एक सोपा मार्ग आहे. व्हॉल्व्हच्या फ्लँजमध्ये, म्हणजे बोल्टने जोडलेल्या सांध्यात, वायूची वाट अडवणारा पोलादी पत्रा (ब्लँकिंग प्लेट) तपासणीपुरता बसवावा, जागेवर उभ्या गाडीचे इंजिन आयडलला ठेवून हवेचा आकडा पुन्हा पाहावा आणि पत्रा काढून घ्यावा. आकडा लगेच वर गेला, तर दोष व्हॉल्व्हचा आहे. जेथल्या तेथे राहिला, तर मॅफ सेन्सर आणि फिल्टरकडे वळावे. ब्लँकिंग प्लेटचा माझ्या मते हा एकच प्रामाणिक उपयोग आहे.

दुसरी पायरी : व्हॉल्व्ह उतरवून साफ करणे

इंजिन पूर्ण थंड असावे. बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल काढावा आणि उतरवण्याआधी नळ्या व वायरींचे फोटो काढून ठेवावेत. व्हॉल्व्हला किंवा तो वायू थंड करणाऱ्या कूलरला कूलंटच्या नळ्या जोडलेल्या असतील, तर आवश्यक तेवढे कूलंट स्वच्छ भांड्यात काढून घ्यावे. बोल्ट वर्षानुवर्षे उष्णतेत भाजलेले असतात. त्यांवर गंज सोडवणारे तेल आदल्या संध्याकाळी मारून ठेवले तर काम सोपे होते. जोर लावून बोल्ट तुटला आणि त्याचा तुकडा ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्ये राहिला, तर साफसफाईपेक्षा त्याचाच खर्च मोठा होतो.

व्हॉल्व्ह उतरल्यावर इंजिनाकडील तोंडात लगेच स्वच्छ कापड कोंबावे. खरवडताना सुटलेला कार्बनचा खडा सिलिंडरमध्ये गेला, तर वाचवलेले पैसे अनेक पटींनी बाहेर पडतील. हातमोजे आणि मास्क वापरणे हा बाऊ नव्हे : डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या गटात ठेवले आहे, आणि ही काजळी त्याच धुरातली आहे.

साफ करताना मोटरची बाजू वर आणि झडपेची बाजू खाली धरावी, म्हणजे क्लीनर विद्युत भागात झिरपत नाही. कार्बन किंवा ईजीआर क्लीनरचा फवारा मारून थर मऊ होऊ द्यावा, मग प्लास्टिकच्या किंवा पितळी ब्रशने काढावा. एका फेरीत भागत नाही. झडप जेथे टेकते त्या कडेवर पोलादी पाते चालवू नये, कारण तेथे पडलेला ओरखडा म्हणजे कायमची गळती. मोटरवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची झडप स्क्रू ड्रायव्हरने ढकलू नये. आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. काही ठिकाणी कॉस्टिकच्या द्रावणात भाग बुडवून ठेवतात. ॲल्युमिनियम त्यात विरघळू लागते, तेव्हा गॅरेजमध्ये असा डबा दिसला तर आपला भाग त्यात जाणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगावे.

व्हॉल्व्ह उतरलाच आहे, तर थ्रॉटल बॉडी आणि मॅनिफोल्डचे तोंडही पाहून घ्यावे. तेथे थर जाड असेल तर मॅनिफोल्ड उतरवणे हाच खरा उपाय आहे. चालू इंजिनाच्या इनटेकमध्ये क्लीनर फवारण्याची पद्धत मात्र डिझेलसाठी धोक्याची आहे : आत गेलेले कोणतेही ज्वलनशील द्रव्य हे इंजिन इंधन म्हणून जाळते, त्यामुळे ते स्वतःहून वेग घेऊ शकते, आणि मग चावी फिरवूनही ते लगेच थांबेल असे नाही.

बसवताना गॅस्केट नवीनच वापरावी आणि बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेतील टॉर्कनुसार आवळावेत. कूलंट भरून हवा काढावी. स्कॅनरमधून व्हॉल्व्हची बंद स्थिती पुन्हा शिकवण्याची सोय असेल तर ती क्रिया करावी. नवीन व्हॉल्व्ह बसवला असेल तर हे विसरून चालत नाही. शेवटी कोड पुसून, इंजिन गरम करून, तेच दोन आकडे पुन्हा पाहावेत. या पडताळणीशिवाय केलेल्या साफसफाईचा उपयोग झाला की नाही, ते कळतच नाही.

मोटरचे दाते झिजले असतील, सेन्सरचा आकडा उड्या मारत असेल किंवा झडपेची कड खराब झाली असेल, तर साफसफाईत वेळ घालवू नये, व्हॉल्व्ह बदलावा.

कूलरकडे दुर्लक्ष नको

व्हॉल्व्ह अडकणे ही कटकट आहे. कूलर आतून फुटणे हा धोका आहे. बाहेर कोठेही गळती नसताना कूलंट कमी होत असेल, गरम इंजिनातूनही पांढरा, किंचित गोडसर वासाचा धूर येत असेल, तर प्रेशर टेस्ट करून घ्यावी. कूलंट सिलिंडरमध्ये साचले तर स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, कारण द्रव दाबला जात नाही. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना लागलेल्या आगींचे कारण म्हणून कंपनीने याच भागातील गळती सांगितली होती : कूलंटमधील ग्लायकॉल आणि काजळी यांचा थर साचला, आणि पुरेसा थंड न झालेला वायू तेथे पोचल्यावर तो पेटला. त्यासाठी जगभर गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

पुन्हा लवकर साचू नये म्हणून

थर्मोस्टॅट जागेवर आणि चालू असावा, हे पहिले. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच ऑइल, वेळेवर आणि योग्य पातळीपर्यंत भरावे. डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधील काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाडीला कमी राख सोडणारे ऑइल लागते, तेथे जे मिळेल ते चालत नाही. ब्रीदर आणि एअर फिल्टर तपासावेत. रोजचा प्रवास शहरातलाच असेल, तर अधूनमधून इंजिन पूर्ण तापल्यावर अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर २,००० ते २,५०० आरपीएमच्या दरम्यान गाडी चालवावी. त्याने आधीच कडक झालेला थर निघत नाही, पण नवा थर सावकाश साचतो. वरच्या गिअरमध्ये १,२०० आरपीएमवर गाडी रखडत नेण्याची सवय ॲव्हरेजच्या हिशेबाने जपली जाते. डिझेलला ती मानवत नाही. शहरी वापरात ४० ते ५० हजार किलोमीटरनंतर व्हॉल्व्ह एकदा उघडून पाहावा, असा माझा सल्ला आहे.

बंद केल्यास काय होते

हे गाडीच्या पिढीवर अवलंबून आहे. बीएस-३ च्या (बीएस म्हणजे भारत स्टेज, वाहनांच्या प्रदूषणाची सरकारी मानके) काळातील साध्या, व्हॅक्युमवरच्या व्हॉल्व्हवर पत्रा बसवला तर काही गाड्यांचा ईसीयू काही बोलत नाही, आणि ‘काही होत नाही, साहेब’ हे वाक्य त्याच काळातून आले आहे. बीएस-४ गाडीत ईसीयू हवेच्या वजनाचा हिशेब ठेवतो. ईजीआर उघडूनही हवा कमी झाली नाही, की पी०४०१ नोंदवला जातो, दिवा लागतो आणि काही गाड्या ताकद मर्यादित करतात. मग पत्र्याला छिद्र पाडणे, तेही जमले नाही तर ईसीयूचे सॉफ्टवेअर बदलणे, अशी साखळी सुरू होते. सॉफ्टवेअर कोणी, कोठून आणून, काय बदलून टाकले, हे मालकाला कधीच कळत नाही, आणि पुढे इंजिनात दुसरा दोष आला तर निदान करणारा अंधारात चाचपडतो.

बीएस-६ गाडीत हा विचारच सोडावा. तेथे डीपीएफ आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा, मग ती शोषून धरणारी असो वा युरियाच्या द्रावणावर चालणारी, ईजीआर कामावर आहे असे धरूनच आखलेली असते. ईजीआर बंद केला, की त्या यंत्रणेवर तिच्या कुवतीपेक्षा जास्त भार पडतो.

न्यायाने हेही सांगायला हवे की, ईजीआर बंद केल्यावर काजळी कमी होते, इनटेक स्वच्छ राहतो आणि ऑइलही उशिरा काळे पडते. हे फायदे खरे आहेत. त्यांची किंमत मात्र गाडीमागे चालणारा मोजतो : डिझेल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-३ मध्ये दर किलोमीटरला ०.५० ग्रॅम, बीएस-४ मध्ये ०.२५ आणि बीएस-६ मध्ये ०.०८ ग्रॅम आहे, आणि ईजीआर नसलेली गाडी ती पाळण्याची आशा नसते.

पीयूसी आणि कायदा

‘पीयूसी तर मिळते ना,’ हा युक्तिवाद फसवा आहे. डिझेल गाडीच्या पीयूसी चाचणीत इंजिन मोकळे रेस करून धुराची दाटी मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. ईजीआर बंद केल्यावर धूर घटतो, म्हणून अशी गाडी उलट अधिक सहज पास होऊ शकते. ते प्रमाणपत्र या प्रश्नापुरते निरर्थक आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारी गाडी चालवल्यास कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास आणि परवान्यावर तीन महिन्यांची अपात्रता येऊ शकते. प्रत्यक्ष तपासणी विरळाच होते, हे खरे आहे. पण २०१५ मध्ये उघड झालेले फोक्सवॅगनचे प्रकरण आठवावे : चाचणी चालू नसताना ईजीआरचे काम कमी करणारे सॉफ्टवेअर हाच त्यातील गाभा होता. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने त्या गाड्या तपासल्या आणि राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये कंपनीला ५०० कोटी रुपयांचा दंड सुनावला. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. गल्लीतला ट्यूनर लॅपटॉप लावून करतो ते याहून वेगळे नाही.

वापरलेली गाडी घेताना

जुनी डिझेल गाडी घेताना ईजीआर आधीच बंद केलेला आहे का, हे पाहण्यासाठी फ्लँजच्या सांध्यात गॅस्केटच्या बाहेर डोकावणारी पत्र्याची कड शोधावी आणि बोल्टच्या डोक्यांवर ताज्या पान्याच्या खुणा आहेत का ते पाहावे. मग स्कॅनर लावून गरम इंजिनावर, आयडलला आणि संथ वेगात, ईसीयूची ईजीआरसाठीची मागणी पाहावी. ती कोणत्याही परिस्थितीत शून्यावरून हलत नसेल आणि कोडही नसेल, तर सॉफ्टवेअर बदललेले असण्याची दाट शक्यता आहे. अशी गाडी पूर्ववत करता येते : पत्रा काढावा, व्हॉल्व्ह साफ करून किंवा बदलून बसवावा आणि अधिकृत सेवा केंद्रातून मूळ सॉफ्टवेअर पुन्हा भरून घ्यावे. या तिन्हींच्या खर्चाचा अंदाज व्यवहार ठरण्याआधीच घ्यावा आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागावी.